दुसरी चूक

१

मुलांना कड्यावर चढायला नेणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते, धुणं-भांडी. लोकांना तो दोर, ती उंची, वर पोचलेल्या पोराचा फोटो एवढंच दिसतं. त्याच्या आधीचं काम कुणाला दिसत नाही. गुरुवारी गोदामात बसून प्रत्येक दोर हातातून वीतवीत सरकवायचा, कुठे मऊ पडलाय का ते बोटांनी बघायचं. हेल्मेट उलटी करून तडे शोधायचे. पालकांच्या संमतीपत्रांत कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, ते लाल पेनाने खुणावायचं. रविवारी उजाडता उजाडता मागच्या पायवाटेने कड्याच्या माथ्यावर जायचं, सुटे दगड बाजूला सारायचे आणि चार जागी अँकर बांधायचे. अँकर म्हणजे खडकात ठोकलेल्या बोल्टांना पट्टे आणि कॅराबिनर, म्हणजे स्क्रूने बंद होणाऱ्या धातूच्या कड्या, लावून केलेला आधार. खालून चढणाऱ्या मुलाचा सगळा भार त्याच्यावर असतो. मुलाचा दोर त्यातून फिरून परत खाली येतो आणि खालचा माणूस तो स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला लावून धरतो.

मग फॉर्म भरायचा. त्यात प्रत्येक अँकरपुढे दोन चौकटी असतात. एक बांधणाऱ्याच्या सहीची, दुसरी तपासणाऱ्याची.

हे मला मास्तरांनी शिकवलं. बावीस वर्षं आम्ही दोघांनी तो कडा सांभाळला. मास्तरांचा नियम एकच होता. दोन डोळ्यांनी बांधायचं, दुसऱ्या दोन डोळ्यांनी बघायचं, आणि ते दोन डोळे त्याच माणसाचे नसावेत. अँकर बघून झाले की आम्ही एकमेकांचे हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे कमरेचे पट्टे, तपासायचो. ते मागून माझ्या कमरेचा पट्टा धरून ओढायचे आणि माझ्या हेल्मेटवर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवायचे. टक, टक. म्हणजे जा, ठीक आहे.

पहिल्याच वर्षी त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. सगळे अँकर स्वतः बांधले आणि म्हणाले, "चूक ठेवलीय. शोध." तिसऱ्या अँकरच्या कॅराबिनरचा स्क्रू उघडा होता. मी तो फिरवला आणि मोठा तीर मारल्यासारखी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "आणि दुसरी?"

दुसरी मला सापडली नाही. ती त्यांच्याच अंगावर होती. आमच्या हार्नेसचा पट्टा बकलातून काढून पुन्हा उलटा आत घालावा लागतो. तो त्यांनी घातलाच नव्हता. तसा पट्टा उभं असताना घट्ट वाटतो, भार आला की सरकत सरकत सुटून येतो. मी तासभर त्यांच्या शेजारी उभी होते.

"पहिली सापडली की माणूस शोधायचं थांबतो," मास्तर म्हणाले. "मरतो तो दुसरीने."

२

मास्तर गेले ते कड्यावरून नव्हे, दवाखान्याच्या खाटेवरून. पोटाचं दुखणं होतं. शेवटी शेवटी ते माझ्या मनगटातला घड्याळाचा पट्टा ओढून बघायचे. नर्सला वाटायचं, भ्रम झालाय.

आमच्या साहस केंद्राचे व्यवस्थापक भला माणूस. म्हणाले, "ताई, दुसरं कुणीतरी बघा. एकट्याने चालणार नाही, नियम आहे."

मला दुसरं कुणी नको होतं. खरं कारण एवढंच. माथ्यावरच्या त्या सपाट दगडावर, जिथे आम्ही डबा उघडायचो, तिथे कुणी नवखा बसून मला नियम सांगणार, हे मला सोसवलं नसतं. आणि रविवार गेले असते तर माझ्याकडे राहिलं काय असतं? दोन खोल्या, एक खुर्ची आणि ठणकणारा डावा गुडघा. मी म्हणाले, "मास्तरांचे एक मित्र आहेत. ते येतील. हौसेने येतात, काही घेणार नाहीत."

"कोण हो?"

"कमी बोलतात. लवकर येतात, लवकर जातात."

झालं. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून तेही खूष. त्या रविवारपासून मी दोन्ही चौकटींत सही करू लागले. पहिलीत माझी. दुसरीसाठी मी एक नवी सही बसवली, डावीकडे झुकलेली, लांब शेपटीची. शेपटीच्या टोकाला दर वेळी पेन अडायचं आणि एक टिंब उमटायचं. खोटं काम करताना हात तेवढा थबकतोच.

शाळेबरोबर येणाऱ्या बाई विचारायच्या, "तुमचे दुसरे सर दिसत नाहीत?"

मी मान वर करून म्हणायचे, "वर आहेत."

चौदा महिने मी हेच सांगत होते. मुलांना, त्यांच्या आयांना, व्यवस्थापकांना. वर आहेत.

३

एका रविवारी चौथा अँकर बांधून मी सपाट दगडापाशी परत आले. फॉर्मची पाटी दगडावर होती, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर खडा ठेवलेला होता. मी खडा उचलला. माझी चौकट कोरी होती. दुसरी चौकट भरलेली होती. चारही ओळींत.

डावीकडे झुकलेली, लांब शेपटीची सही. टोकाला टिंब.

मी पहिल्यांदा स्वतःलाच हसले. वय झालं बाई. आधी दुसरी चौकट भरली असेल आणि विसरले असेन. हात सवयीचा गुलाम असतो. मी माझी सही करायला पेन काढलं तेव्हा लक्षात आलं की ते माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात होतं आणि खिशाची चेन लावलेली होती.

तरीही मी म्हटलं, विसरले असेन. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि मी तर वर्षभराची चोर होते. मी सही केली, खाली उतरले आणि मुलांना ओळीत उभं केलं.

त्या दिवशी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी अर्ध्या कड्यावर थांबली आणि तिने वरच्या दिशेने हात हलवला. खाली आल्यावर मी तिला विचारलं, "कुणाला हात करत होतीस?"

"वरच्यांना," ती म्हणाली. "त्यांनी आधी केला."

४

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी अँकर बांधून यायचे आणि दुसरी चौकट भरलेली असायची. मी परीक्षा घेऊन पाहिली. पाटी सोबत घेऊन फिरले, तर काही झालं नाही. दगडावर ठेवून चार पावलं गेले आणि चटकन वळले, तरी काही नाही. चारही अँकर पुरे करून, प्रत्येक गाठ हाताने चाचपून परत आले की मगच सही असायची. एकदा मी दुसऱ्या अँकरचा पट्टा जरा तोकडा बांधला. त्या दिवशी तीनच सह्या होत्या. दुसऱ्यापुढची चौकट रिकामी होती. मी जाऊन पट्टा सुधारला आणि परत आले. तोवर चौथी सही झाली होती.

मी घाबरले होते, हे खरंच आहे. माझ्या मानेवर काटा उभा राहायचा आणि उतरेपर्यंत बसायचा नाही. पण दुसरंही खरं आहे आणि ते लपवून काय उपयोग? मला बरं वाटत होतं. कुणीतरी माझं काम बघत होतं. मी मोठ्याने बोलू लागले. "आज वारा आहे हं, पट्टे थोडे आवळून घेतले." उत्तर कधी आलं नाही. कमी बोलणारे आहेत, असं मीच तर सांगितलं होतं.

रविवार ते रविवार मी त्या सह्यांची वाट बघायचे. घरी दोन कप चहा करून एक ओतून टाकायचे. मास्तर असतील, असं मला कधी कधी वाटायचं, आणि मग ते टिंब आठवायचं. मास्तरांच्या सहीत टिंब नव्हतं. ही सही मास्तरांची नव्हतीच कधी. जगात ती एकाच हाताने केली होती, माझ्या.

५

त्या शेवटच्या रविवारी बारा मुलं येणार होती. मी नेहमीसारखी अंधूक उजेडात पायवाट चढले, पाठीवर दोन पिशव्या, गुडघा कुरकुरत. माथ्यावर पोचले तर चारही अँकर बांधलेले होते.

माझ्या पिशव्या माझ्या पाठीवर होत्या. त्यांतले पट्टे त्यांच्यातच होते. तरी हे आमचेच पट्टे होते, गोदामातले, कडेला माझ्या हाताने निळा धागा शिवलेले. गाठी माझ्याच होत्या. मी शेवटचं टोक जरा जास्त लांब सोडते. मास्तर त्यावरून चिडवायचे, "शेपूट कशाला हवं?" इथे चारही गाठींना शेपूट होतं.

सपाट दगडावर फॉर्म होता. या वेळी बांधणाऱ्याच्या चौकटीत ती टिंबाची सही होती आणि तपासणाऱ्याची चौकट माझ्यासाठी कोरी होती.

मला बरं वाटलं नाही. मला तिथून पळावंसं वाटलं. पण खालून बसचा आवाज आला, मुलांचा गलका आला, आणि सवयीने मी तपासायला लागले. पहिला ठीक होता. दुसराही ठीक. तिसऱ्याच्या कॅराबिनरचा स्क्रू उघडा होता.

मी तो फिरवून बंद केला. चौथा ठीक होता. मी पेन काढलं आणि इतक्या वर्षांनी मास्तरांचा आवाज माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट बोलला. आणि दुसरी?

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. बोल्ट हलवून पाहिले. पट्टे उलटसुलट केले, शिवण नखाने तपासली. मग तिसऱ्यांदा. ऊन चढलं. खालून बाईंनी हाक मारली, "ताई, मुलांना पट्टे घालू का?" बारा मुलं खाली वाट बघत होती आणि माझ्यापुढे चार निर्दोष अँकर होते. नुसती एक सही केली असती तर दिवस नेहमीसारखा गेला असता.

मी सही केली नाही. सगळं सोडवून टाकायचं आणि मुलांना परत पाठवायचं ठरवलं.

६

हे खाली सांगायला मी कडेशी गेले. कडेला जाताना स्वतःला दोराने बोल्टाशी बांधून घ्यायचं असतं. तसं मी घेतलं, दोर ताणला जाईपर्यंत पुढे झुकले आणि ओरडले, "बाई, मुलांना वर पाठवू नका."

माझ्या कमरेभोवतीचा पट्टा सरकला.

पाऊण वीतभर सरकला असेल. मी खाली बघितलं. पट्टा बकलातून काढलेला होता, पण उलटा आत घातलेला नव्हता. टोक सुटत चाललं होतं. बावीस वर्षांत मी एकदाही तसा घातलेला नाही. त्या सकाळीही मी तो नीट घातला होता, गाडीपाशी, आरशात बघून. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. तासभर मी सगळा माथा शोधला आणि स्वतःच्या कमरेकडे बघितलं नाही. चौदा महिन्यांत माझी कंबर कुणीच बघितली नव्हती.

मी हलले नाही. हलले असते तर गेले असते.

मग मागून कुणीतरी माझा पट्टा धरला. घट्ट धरून मागे ओढलं. मी मागे बसकण मारली, आणि हेल्मेटवर दोनदा वाजलं. टक, टक.

मला वळायला जरा वेळ लागला. वळले तेव्हा मागच्या पायवाटेच्या वळणावर कुणीतरी उतरत होतं. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर दोन पिशव्या. तोंड दिसलं नाही. दिसली ती फक्त चाल. डावा पाय टाकताना कंबर किंचित उचलणारी, दुखरा गुडघा सांभाळणारी. तशी चाल मी एकदाच बघितली आहे, दुकानाच्या काचेत, शेजारून जाताना.

त्याने मला वाचवलं की पट्टाही त्यानेच सोडवला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

७

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांपुढे बसून खोट्या सह्यांचं सगळं सांगितलं. चौदा महिन्यांचे फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वरचे दोन-चार फॉर्म चाळले. मग म्हणाले, "म्हणजे ते मित्र?"

"नाहीत. कुणी नव्हतं."

"वर कुणीच नव्हतं?"

"मी एकटी होते," मी म्हणाले.

पुढचं मी सांगितलं नाही. खोटारडी म्हणून माझं काम गेलं ते ठीकच झालं. पण वेडी म्हणून जाणं मला नको होतं. शेवटच्या काही फॉर्मांत दुसरी सही मी केलेलीच नव्हती, शेवटच्या दिवशी तर चारही अँकर आयते बांधलेले होते, ही गोष्ट मी घशाखाली ढकलली. मला वाटलं, मी गेले की तेही जाईल. माझ्याशिवाय त्याचं तिथे काय काम आहे?

कडा दोन तरुणांकडे गेला. पूर्वी शिबिरात माझ्याच हाताखाली शिकलेले. एक लंबू, दाराच्या चौकटीत वाकून येणारा. दुसरी बारकी, त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी, पण हाताची पक्की. दोन खरी माणसं, चार खरे डोळे. त्यांना मी सगळं शिकवलं होतं, फक्त ती परीक्षा घेतली नव्हती. दोन चुकांची गोष्ट मास्तरांनी मला सांगितली होती, आणि ती मी माझ्यापुरती ठेवली. काही गोष्टी माणूस वाटून टाकत नाही, तेवढ्याच उरलेल्या असतात.

मी घरी राहू लागले. रविवारी सकाळी लवकर जाग यायची. उठून गोदामाची किल्ली शोधायचे आणि मग आठवायचं की ती परत केली आहे.

८

आज रविवार आहे. मी ओट्यापाशी चहा करत होते, एकच कप. नऊला फोन वाजला. लंबू होता. त्याच्या आवाजात हसू होतं आणि मागे वारा होता.

"ताई, तुम्ही काही सुधारणार नाही," तो म्हणाला. "घरी बसूनही आमची परीक्षा?"

"कसली परीक्षा?"

"आता भोळ्या नका बनू. आम्ही वर आलो तर चारही अँकर तयार. गाठींना तुमचं शेपूट. तुम्हाला पायवाटेने उतरताना बघितलं मी, हाकही मारली, वळलातसुद्धा नाही. बरं, चूक सापडली बरं का. तिसऱ्याचा स्क्रू उघडा. आम्ही दोघांनी सगळं पुन्हा तपासलं, मग सही केली. आता मुलं चढवायला घेतलीत."

माझ्या हातातला कप मी ओट्यावर ठेवला. "दुसरी?"

"दुसरी काय?"

"तुझा पट्टा बघ. कमरेचा. आत्ता."

वारा ऐकू आला. "ठीक आहे माझा. उलटा घातलाय. का?"

"दोरीवर कोण आहे?"

"पहिली मुलगी. अर्ध्याच्या वर आलीय. बारकी खाली दोर धरून आहे."

"मुलीला खाली घे." म्हणाले आणि मलाच कळलं. खाली घ्यायचं तरी मुलीचा सगळा भार बारकीच्याच कमरेवर येणार. "नको. थांब. तिला म्हण, खडकाला धरून उभी राहा, बसू नकोस, लटकू नकोस. आणि बारकीला तिचा पट्टा बघायला सांग."

"ताई, दोर सोडून ती पट्टा कसा बघणार? काय झालंय?"

"तिचा पट्टा कुणी तपासला? तू?"

"मी तर वर होतो. तुम्हीच की. ती खाली एकटी उभी होती तेव्हा मागून येऊन ओढून बघितलात, टोपीवर दोनदा वाजवलंत. ती म्हणत होती, ताई काही बोलल्याच नाहीत."

फोनमधून लांबून मुलांचा आवाज येत होता. सगळी मिळून त्या मुलीला ओरडून सांगत होती, वर जा, अजून वर.